लाल ती धमनी

ताई : वह्या सहा. हायलायटर चौदा, त्यातले तीन वाळलेले. स्केचपेनांचा डबा एक. चिकटचिठ्ठ्यांची पाकिटं चार, मोजपट्ट्या दोन, कंपास एक. कोरे कागद शून्य.

धाकटी : झाला पंचनामा? सही कुठे करू?

ताई : चिमे, सकाळपासून तू या टेबलाशी बसलीयेस आणि तू नक्की काय करतेयस ते मला कळत नाहीये. म्हणून मोजलं.

धाकटी : अभ्यास करतेय. फिजिऑलॉजीचा. दिसत नाही?

ताई : दिसतंय ते एवढंच, की किडनीभोवती जांभळी चौकट आहे. आणि चौकटीला सावली आहे.

धाकटी : सावली दिली की लक्षात राहतं.

ताई : काय राहतं?

धाकटी : काय म्हणजे? किडनी.

ताई : बरं. वही मीट. किडनीत रक्त कुठल्या भागात गाळलं जातं?

धाकटी : असं अचानक विचारल्यावर कुणालाच येत नाही.

ताई : परीक्षेत काय आधी पत्र पाठवून विचारतात?

धाकटी : हळू बोल ना. आई आत्ता ड्यूटीवरून येऊन पडलीये.

ताई : हळू विचारते. पुढच्या सोमवारी पेपर. याच विषयात तू एकदा उडालीयेस. परत उडालीस तर कॉलेजचा नियम काय?

धाकटी : माहितीये मला.

ताई : म्हणून दाखव. हा तरी पाठ आहे का बघू.

धाकटी : एकाच विषयात दुसऱ्यांदा नापास, तर नाव कमी. सीट गेली, फिजिओथेरपी गेली. झालं तुझं समाधान? तू लॅबमधून आठवडाभर सुट्टी घेऊन मला शिकवायला आलीयेस की माझा जीव घ्यायला?

ताई : ते तुझ्यावर आहे. कितीला पास?

धाकटी : चाळीसला.

ताई : तुला किती होते?

धाकटी : तेहेतीस. आणि माझा अभ्यास नव्हता असं म्हणू नकोस हं. मी सगळं पुस्तक तीनदा वाचलं होतं. अख्खा वर्ग माझ्या नोट्सवर पास झालाय. विचार कुणालाही.

ताई : तेच तर मला सुटत नाही. सगळा वर्ग तुझ्या नोट्सवर पास, आणि तू एकटी त्याच नोट्सवर नापास. आमच्याकडे एकाच बाटलीतलं रसायन सगळ्या नमुन्यांना चाललं आणि एकाच नमुन्याला चाललं नाही, तर आम्ही बाटली फेकत नाही. तो नमुना कुणी कसा हाताळला ते बघतो.

धाकटी : मी नमुना?

ताई : ते तर तू जन्मापासून आहेस. उत्तरपत्रिका बघायला बोलावलं होतं ना तुम्हाला?

धाकटी : होतं.

ताई : मग? मार्क कुठे गेले?

धाकटी : नाही गेले मी.

ताई : काय?

धाकटी : नाही गेले. त्या दिवशी डोकं दुखत होतं. आणि बघून काय वाढणार होते का मार्क? ज्याने तपासलं त्याला मूडच नसेल. माझ्या आकृत्या बघितल्यास ना तू? तसल्या आकृत्यांना कोणी तेहेतीस देतं?

ताई : म्हणजे तू सात मार्कांनी का उडालीस ते तुला आजही माहीत नाही. आणि तू तेच सगळं परत करतेयस, या खेपेला सावली देऊन.

धाकटी : ए, माझी वही ठेव. ठेव म्हणते ना!

ताई : कपाटात ठेवतेय. सगळ्या सहा. सोमवारी पेपर झाला की परत मिळतील. हे घे, माझ्या बॅगेतले पाठकोरे कागद. हृदय. रक्त कुठून येतं, कुठे जातं. येईल ते लिही, न येईल ती जागा सोड.

धाकटी : नाही लिहिणार.

ताई : का?

धाकटी : कारण त्यात काय राहून गेलंय ते दिसेल. झालं? मला नाही बघवत. वही उघडी असली की मला सगळं येतं. मिटली की एक ओळ आठवत नाही. तुला नाही कळायचं ते. तुला कायम यायचं सगळं.

ताई : मला यायचं नाही, मी… बेल वाजतेय. कोणी येणार होतं?

धाकटी : लंबू असेल. माझ्या वर्गातला. ताई, प्लीज. त्याच्यासमोर एक अक्षर बोलू नकोस.

ताई : कशाला आलाय तो?

धाकटी : पुढच्या सेमिस्टरच्या नोट्स न्यायला. वर्गासाठी. मी सांगितलं होतं आज देते म्हणून.

ताई : तुझा पेपर सोमवारी, आणि तू पुढच्या सेमिस्टरच्या नोट्स…

धाकटी : दार उघडू दे मला!

लंबू : काय नोट्सबाई, माल तयार? आईशप्पथ, तुमच्या जिन्यात माझं डोकं परत आपटलं. ओ, नमस्कार. तुम्ही ताई ना? रक्तवाल्या?

ताई : रक्त तपासणाऱ्या. वाकून या, पंखा खाली आहे.

लंबू : सवय आहे. मी फार वेळ घेत नाही. म्हणजे कसंय, पोरांनी मला हमाल करून पाठवलंय.

धाकटी : हे घे. शेवटची चार पानं राहिलीत, ती उद्या पाठवते. निघ आता.

ताई : बसा की. पाणी घ्या. तुम्ही फिजिऑलॉजी पास?

लंबू : हो. अठ्ठावन्न. हिच्या कृपेने.

ताई : हिच्या नोट्सचं तुम्ही काय करता हो? वाचता?

धाकटी : ताई!

लंबू : वाचतो… म्हणजे, तसं नाही वाचत. हिचं अक्षर इतकं छान असतं ना, की वाचलं की झोप येते. खरं सांगतो. सगळं पटतं आणि काहीच राहत नाही. म्हणून मी फक्त मथळे बघतो. खालचं झाकून ठेवतो. मग उठून उभा राहतो आणि बोलतो. जे आठवतं ते बोलायचं, अडलं की झाकण उघडून बघायचं, परत झाकायचं. घरचे म्हणतात, पोरगं वाया गेलं, भिंतीशी भांडतं.

ताई : हृदयाचं कसं केलंत?

लंबू : ते तर चालत केलं. आमच्या घराच्या खोल्या चार. दोन पुढे, दोन मागे. म्हटलं, हेच कप्पे. मी म्हणजे रक्त. दारातून आत यायचं, एकेका खोलीतून फिरायचं, गच्चीत जायचं, गच्ची म्हणजे फुप्फुस, तिथून परत खाली. पहिल्या दिवशी हिच्या चित्राप्रमाणे चालायला गेलो तर स्वयंपाकघरात असा काही अडकलो…

धाकटी : अडकलास म्हणजे?

लंबू : काही नाही. माझंच चुकलं असेल. चला, येऊ मी?

ताई : बसा. का अडकलात?

लंबू : जाऊ दे ना ताई. जुनी गोष्ट.

धाकटी : लंब्या, माझ्या चित्राप्रमाणे चाललास आणि का अडकलास?

लंबू : उजव्या खालच्या कप्प्यात… म्हणजे आमच्या स्वयंपाकघरात… तुझ्या बाणांप्रमाणे वरच्या कप्प्यातून पण रक्त येतं आणि फुप्फुसातून पण रक्त येतं. दोन्हीकडून आतच. बाहेर जायला वाटच नाही. मी म्हटलं, हा माणूस फुगून फुटेल. डावीकडे उलटं. तिथून सगळं बाहेरच जातंय, आत काहीच येत नाही. मग पुस्तक उघडलं. तर दोन बाण उलटे होते.

धाकटी : माझ्या चित्रात?

लंबू : हो.

धाकटी : ताई, कपाटाची किल्ली दे.

ताई : चिमे…

धाकटी : किल्ली दे. दुसरी वही. हे बघ. हे उजवं, हे डावं. ही फुप्फुसाची धमनी. लाल. बाण… आत. आणि ही शीर, निळी. बाण बाहेर.

ताई : फुप्फुसात जाताना रक्त अशुद्ध असतं. तू त्याला बाहेरून आत आणलंयस.

धाकटी : दिसतंय मला! धमनी म्हणजे लाल. म्हणून लाल रंगवली. मग लाल म्हणजे शुद्ध, शुद्ध म्हणजे फुप्फुसातून आलेलं, म्हणून बाण आत.

ताई : आधी रंग दिलास आणि मग बाण काढलेस?

धाकटी : रंग वाळल्याशिवाय बाण काढता येत नाही. शाई फाकते.

लंबू : चित्र मात्र एक नंबर होतं.

धाकटी : तू गप बस. मी पेपरात हेच काढलं. पंधरा मार्कांचा प्रश्न. हृदय किंवा किडनी, कुठलाही एक. मी हृदय घेतलं, कारण ते माझं सगळ्यात सुंदर पान होतं. रंगीत पेन्सिली नेल्या होत्या मी. बाहेर आल्यावर तुला म्हटलंसुद्धा, हृदयाचे पंधराच्या पंधरा. म्हटलं होतं की नाही?

लंबू : म्हटलं होतंस.

धाकटी : आणि तुला तेव्हा माहीत होतं.

लंबू : तेव्हा नाही, आधीच. पेपरच्या आदल्या आठवड्यात.

धाकटी : आदल्या आठवड्यात! आपण रोज भेटत होतो. रोज चहा घेत होतो! एक फोन करता आला नाही तुला?

ताई : आई उठेल.

धाकटी : उठू दे! बाकीच्यांना सांगितलंस?

लंबू : दोघा-तिघांना. बाकीच्यांनी किडनी केली होती.

धाकटी : वा. म्हणजे सगळ्या गावाला माहीत, मला सोडून. का नाही सांगितलंस? थापा नकोत.

लंबू : मनगट आठवतंय? तू सात हाडं लिहिली होतीस आणि मी वर्गात म्हटलं, आठ असतात. काय केलंस तू? वही ओढून घेतलीस. दहा दिवस बोलली नाहीस. आणि पुढच्या धड्याच्या नोट्स मला सोडून सगळ्यांना दिल्यास. मला त्या हव्या होत्या, बस. मनात म्हटलं, पेपरात ही बरोबरच लिहील, एवढी हुशार आहे, उगाच कशाला चिडवा. हे खोटं नाही. पण खरं ते पहिलं. मला नोट्स हव्या होत्या.

धाकटी : निघ.

लंबू : मी चुकलो.

धाकटी : निघ म्हटलं ना. आणि ती पानं इथे ठेव. ठेव टेबलावर.

लंबू : ठेवली. ताई, येतो.

ताई : जिन्यात डोकं सांभाळा.

धाकटी : तू काय बघतेयस माझ्याकडे? बोल ना. म्हण, मी सांगितलं नव्हतं? म्हण, उत्तरपत्रिका बघायला गेली असतीस तर त्याच दिवशी कळलं असतं.

ताई : ते आता तूच म्हणालीस. पाणी घे.

धाकटी : मनगटाच्या वेळी मी रडले होते, माहितीये? घरी येऊन. एका हाडासाठी. कॉलेजमध्ये मला कोणी ओळखत नव्हतं गं. पहिल्या महिन्यात कुणी शेजारी बसायचं नाही. मग एकीने माझी वही बघितली आणि म्हणाली, केवढं सुंदर! दुसऱ्या दिवशी पाच जण आले. मी नोट्सबाई झाले. नोट्सबाईच्या वहीत चूक निघाली तर मग मी कोण?

ताई : लॅबमध्ये लागले तेव्हा पहिल्या महिन्यात माझे दोन रिपोर्ट चुकले. आमच्या मॅडम रोज सकाळी ज्याचा आकडा त्यांना आधीच माहीत असायचा असा एक नमुना आमच्या हातात द्यायच्या. आकडा जुळला तरच पुढचं काम. मला वाटायचं, अपमान करतात. आता मी नव्या पोरींना तोच देते. चूक सकाळी माझ्या टेबलावर निघालेली बरी, दुपारी पेशंटच्या हातात निघण्यापेक्षा.

धाकटी : तो खाली पोचला असेल?

ताई : लांब पायांचा आहे. पोचला असेल.

धाकटी : लंब्या! ए लंब्या! वर ये. वर ये म्हणते ना. तुझ्यावरचा राग गेलेला नाही माझा, तरीही ये.

ताई : आई उठली तर तूच समजाव हं.

लंबू : आलो. काय विसरलं?

धाकटी : उभा राहा तिथे. खिडकी म्हणजे फुप्फुस. दार म्हणजे बाकीचं शरीर. या चार लाद्या म्हणजे कप्पे. मी चालते. चुकले की सांगायचं. चेहरा पाडून नाही, सरळ सांगायचं. ताई, वही मीट.

ताई : मिटली.

धाकटी : दारातून आले. अशुद्ध रक्त. उजवा वरचा कप्पा. झडप. उजवा खालचा. आता… आता मी…

ताई : अगं, आता तर तू…

लंबू : ताई, सांगू नका. अडू दे तिला.

धाकटी : मागे परत जाता येत नाही, झडप मिटली. म्हणजे मला बाहेर पडायलाच हवं. खिडकीकडे. शिरेतून.

लंबू : चूक.

धाकटी : चूक कशी? रक्त अशुद्ध आहे. निळं. म्हणजे शीर.

लंबू : चूक. कुठून कुठे चाललीयेस?

धाकटी : हृदयातून बाहेर.

लंबू : हृदयातून बाहेर नेते तिला काय म्हणतात?

धाकटी : धमनी. पण धमनी लाल… थांब. बाहेर नेते ती धमनी. रंग काहीही असो. मग ही एक धमनी निळं रक्त नेते?

लंबू : हो. आणि तू स्वतः धड्याच्या पहिल्या ओळीत लिहिलंयस, हिरव्या शाईने, डबल अधोरेखित करून: 'हृदयापासून दूर नेते ती धमनी.'

धाकटी : मी लिहिलंय?

ताई : लिहिलंय. इथे आहे.

धाकटी : दाखवू नकोस. खिडकी. फुप्फुस. शुद्ध झाले. आता हृदयाकडे येतेय, म्हणजे शीर, आणि ही शीर लाल. डावा वरचा. झडप. डावा खालचा. महाधमनी. दार. बाहेर.

लंबू : बरोबर.

धाकटी : परत करते.

ताई : आत्ता नको. आत्ता केलंस तर येणारच, नुकतीच चाललीयेस. आता दुसरं काहीतरी घे, श्वसन घे. संध्याकाळी, थोडं विसरल्यासारखं झालं की परत हृदय. उद्या उठल्यावर परत. चालून नाही, कागदावर. आणि एकाच रंगाच्या पेनाने.

धाकटी : कुठल्या?

ताई : चिमे.

धाकटी : विचारलं नुसतं. लंब्या, त्या चित्राचा फोटो ग्रुपवर अजून आहे?

लंबू : आहे. नव्या बॅचनेसुद्धा उतरवून घेतलाय.

धाकटी : मग त्यांना सांगायला हवं.

लंबू : मी टाकू? माझ्या नावाने टाकतो. म्हणतो, मला शंका आली म्हणून बघितलं…

धाकटी : नको. फोन दे माझा. ताई, तूच लपवलायस तो. दे… 'माझ्या हृदयाच्या चित्रात दोन बाण उलटे आहेत. मी पेपरात तेच काढलं आणि नापास झाले. चित्र वापरू नका. बरोबर उत्तर स्वतः शोधा, मग माझ्याशी ताडून बघा.' ठीक आहे?

ताई : नापास झाल्याचं लिहायलाच हवं?

धाकटी : नाही लिहिलं तर कोण उघडून बघणार? पाठवलं. तू वाच, लंब्या. मला नाही बघवत.

लंबू : एकाने अंगठा टाकलाय. एक हसतोय, तो कशालाही हसतो. ही कोण… नव्या बॅचची मुलगी आहे. म्हणतेय, 'दीदी, श्वसनाच्या पानावर पण एक गोष्ट मला जुळत नाहीये. विचारायचं धाडस होत नव्हतं. विचारू का?'

ताई : चिमे?

लंबू : काय कळवू?

धाकटी : विचार म्हणावं. आत्ताच विचार.

(महिन्याभरानंतर. फोनवर. धाकटी कॉलेजच्या फलकासमोर, ताई लॅबमध्ये.)

ताई : निकाल लागला का गं?

धाकटी : लागलाय. पुढे पन्नास डोकी आहेत. लंब्याला सांगितलंय, त्याला सगळ्यांच्या वरून दिसतं.

ताई : हृदय आलं नव्हतंच ना शेवटी?

धाकटी : नाही. रक्त गोठण्याचं आलं. एक पायरी आठवेना, ती जागा सोडली आणि पुढचं लिहिलं.

ताई : माझ्या हातात नमुना आहे, पण मी थांबते. आई पण विचारतेय सारखी.

धाकटी : तो वळला. येतोय. ताई, त्याचा चेहरा कळत नाहीये.

ताई : चेहरा राहू दे. आकडा विचार.

धाकटी : लंब्या, किती?

लंबू : एक्केचाळीस.